तेहतीस घरांचे चर्च

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री आपल्यापैकी बहुतेकांना शाळेच्या पुस्तकातून ठाऊक असतो. त्याच्या सहा राण्या, पोपशी त्याने मांडलेले भांडण, मठांची जप्ती आणि १५३४ साली त्याने इंग्लंडच्या चर्चचे प्रमुखपद स्वतःकडे घेणे, एवढे कथानक आपण पाठ केलेले असते. पुढे त्याचा मुलगा सहावा एडवर्ड, मग मुलगी मेरी, मग दुसरी मुलगी एलिझाबेथ, अशी गादी चालत गेली आणि प्रत्येकाबरोबर देशाचा धर्म बदलला. पाठ्यपुस्तकात हे सारे दोन पानांत आटोपते. पण हुकूम लंडनहून सुटला, तरी तो अखेर कोठे तरी एखाद्या आडगावी पोचतो, तेथल्या माणसांना तो पाळावा लागतो, आणि पाळताना त्यांच्या घरातले, देवघरातले, मनातले काय काय मोडते याची नोंद राजाच्या दप्तरात होत नसते. आज मी आपल्याला अशाच एका आडगावची हकीगत सांगणार आहे. त्या गावाचे नाव मोरबाथ.

इंग्लंडच्या नैऋत्येला डेव्हन नावाचा परगणा आहे. त्याच्या उत्तर अंगाला एक्समूर हे उजाड माळरान पसरलेले आहे. त्या माळाच्या दक्षिण कडेला, चढउताराच्या, पावसाने भिजलेल्या मुलखात मोरबाथ वसलेले आहे. सोळाव्या शतकात तेथे सुमारे तेहतीस घरे होती. माणसे असतील फार तर दीडशे. धंदा मेंढपाळीचा आणि थोड्याफार शेतीचा. गावात मोठा जमीनदार राहत नव्हता. गावची मालकी जवळच्याच बार्लिंच नावाच्या एका लहानशा मठाकडे होती. तेथे मोठी लढाई झाली नाही, कोणी थोर पुरुष जन्मला नाही. तरी आज इंग्लंडच्या इतिहासाचे अभ्यासक मोरबाथचे नाव आदराने घेतात. त्याचे कारण एक हिशेबाची वही.

पाद्री आणि त्याची वही

१५२० साली क्रिस्टोफर ट्रिकी नावाचा एक पाद्री मोरबाथला आला. त्या काळच्या रीतीप्रमाणे पाद्र्याला आदराने ‘सर’ म्हणत, म्हणून वहीत तो सर क्रिस्टोफर आहे. तो त्याच परगण्यातल्या कल्मस्टॉक गावचा. आला तो १५७४ साली मरेपर्यंत, म्हणजे चौपन्न वर्षे, तेथेच राहिला. या चौपन्न वर्षांत त्याने चार राज्यकर्ते पाहिले आणि गावच्या चर्चचे जमाखर्च स्वतःच्या हाताने लिहिले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हे जमाखर्च ट्रिकीचे खाजगी नव्हेत, आणि सरकारात पाठवायचेही नव्हेत. वर्षाअखेर चर्चचे कारभारी गावापुढे हिशेब देत, तेव्हा तो हिशेब पाद्री सर्वांना मोठ्याने वाचून दाखवी. गावातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नसे. म्हणून वहीची भाषा बोलण्याची आहे. तो मधेच थांबून लोकांना समजावतो, कोणी काही चांगले केले असेल तर नाव घेऊन वाखाणतो, कोणाकडे बाकी राहिली असेल तर तेही लपवीत नाही. कोरड्या आकड्यांच्या मधून एका माणसाचा आवाज ऐकू येतो आणि त्या आवाजापाठीमागे बसलेले सारे गाव दिसू लागते.

१९०४ साली जे. अर्स्किन बिनी या पाद्र्यांनी या वहीची नक्कल छापून प्रसिद्ध केली. अभ्यासक तेव्हापासून ती चाळीत होतेच. परंतु केंब्रिजचे इतिहासकार एमन डफी यांनी २००१ साली तिच्यावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तेहतीस घरांच्या या गावाला जगभर वाचक मिळाले. दुसऱ्याच वर्षी त्या ग्रंथाला हॉथॉर्नडेन पारितोषिक लाभले. जुने कागद हेच इतिहासाचे खरे धन, हे राजवाडे-खऱ्यांच्या महाराष्ट्राला निराळे सांगायला नको.

मेंढ्यांवर चालणारे चर्च

आता प्रश्न असा की तेहतीस घरांचे गरीब गाव दगडी चर्च सांभाळीत होते कसे?

इंग्लंडात तेराव्या शतकापासून एक वहिवाट पक्की झाली होती. चर्चच्या इमारतीचे दोन भाग असत. वेदीकडचा पूर्वेचा भाग नीट ठेवण्याची जबाबदारी धर्मग्रामाचे उत्पन्न खाणाऱ्याची, आणि लोक जेथे उभे राहत तो मोठा भाग, त्याचे छप्पर, घंटा, पुस्तके, पूजेची वस्त्रे व भांडी यांची जबाबदारी गावकऱ्यांची. म्हणजे चर्च धर्मगुरूचे असले तरी छप्पर गळू लागले तर पैसा गावाने उभा करायचा. या एका नियमामुळे इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांत सामुदायिक कारभाराची एक शाळाच उघडली गेली. गावाला निधी जमवावा लागे, कारभारी नेमावे लागत, हिशेब द्यावा लागे आणि हिशेबावरून भांडून पुन्हा एकत्रही यावे लागे.

मोरबाथमध्ये एक निधी नव्हता, अनेक होते. चर्च संत जॉर्जच्या नावाचे, म्हणून एक निधी त्याचा. एक माता मारियेचा, एक संत सिडवेलचा, एक मृतांसाठी जळणाऱ्या दिव्याचा. गावातल्या तरण्या मुलांचा एक आणि अविवाहित मुलींचा एक. प्रत्येक निधीला आपापले कारभारी. मुलींच्या निधीचा हिशेब मुलीच देत.

आणि या निधींची मालमत्ता कोणती? तर मेंढ्या! माता मारियेच्या काही मेंढ्या, संत सिडवेलच्या काही मेंढ्या. त्या एका कळपात नसत. या शेतकऱ्याकडे एक, त्या विधवेकडे एक, पाद्र्याकडे एक, अशा गावभर वाटून दिलेल्या असत. ज्याच्या घरी ती मेंढी असे तो तिला आपल्या मेंढ्यांबरोबर चारी. लोकर कातरली की तिचे पैसे निधीत, कोकरू विकले की तेही निधीत. मेंढी मेली तर तिचे कातडे विकून आलेले पैसे जमेस धरलेले दिसतात. कोणाच्या घरची कोणती मेंढी गेली, कोणत्या मेंढीला कोकरू झाले, हे ट्रिकी वर्षानुवर्षे लिहीत राहतो. एखाद्या घरात रोख पैसा नसला तरी त्या घराच्या कुरणात चर्चची एक मेंढी चरत असे, आणि तेवढ्याने ते घर चर्चचे भागीदार होई. व्यवस्थेतले शहाणपण ते हेच. वर्गणी मागायला दाराशी गेलेल्या माणसाला लोक चुकवतात. दाराशी बांधलेल्या मेंढीला चुकवता येत नाही.

दुसरे उत्पन्न मेजवानीचे. चर्चजवळ गावाच्या मालकीचे एक घर होते. तेथे कारभारी बिअर गाळून वर्षातून ठराविक वेळा गावजेवण घालीत. शेजारच्या गावचे लोक येत, पैसे देऊन खात-पीत, आणि नफा चर्चच्या पेटीत जाई. आपल्याकडच्या श्रोत्यांना दारू विकून चर्चचे छप्पर दुरुस्त करणे जरा विचित्र वाटेल. परंतु त्या थंड मुलखात बिअर हे रोजचे पेय होते, आणि या मेजवानीवरच गावची मोठी कामे होत असत.

कारभारीपण घराकडे फिरत्या पाळीने येई. घरधनी मेला असेल तर त्याची विधवा ते पद सांभाळी. म्हणूनच १५४८ सालच्या अत्यंत कठीण वर्षी लूसी सीली नावाची एक बाई मोरबाथची मुख्य कारभारीण असलेली आपल्याला दिसते. सोळाव्या शतकात, एका आडगावी, एक स्त्री सार्वजनिक हिशेब गावापुढे मांडते आहे, ही गोष्ट लहान नव्हे.

संत सिडवेलचा चांदीचा जोडा

ट्रिकी गावात आला तेव्हा तरुण होता आणि येताना एक भक्ती बरोबर घेऊन आला. एक्सेटर शहराची संत सिडवेल ही एक स्थानिक संत. आख्यायिका अशी की, तिच्या जमिनीच्या लोभाने सावत्र आईने गवत कापणाऱ्यांकरवी तिची हत्या करविली. शहराच्या पूर्ववेशीबाहेर तिचे स्थान होते. ट्रिकीने तिची मूर्ती मोरबाथच्या चर्चमध्ये बसविली. गावाला ती पूर्वी माहीत असो वा नसो, थोड्याच वर्षांत ती गावची झाली. लोक मरताना तिला काही ना काही ठेवून जाऊ लागले. तिच्या पायात चांदीचा जोडा आला. गावात मुलींना तिचे नाव ठेवले जाऊ लागले.

१५३४ साली चोरी झाली. चोराने शिडी लावून छप्पर गाठले, शिडी वर ओढून घेतली, ती मनोऱ्याच्या खिडकीला लावली, खिडकी फोडली आणि घंटांच्या मजल्यावरून तो आत उतरला. पेट्या फोडून त्याने पूजेचा चांदीचा चषक आणि सिडवेलचा जोडा नेला. ट्रिकीने हा सारा प्रकार इतका तपशीलवार लिहिला आहे की, जणू काही पोलिसांचा पंचनामाच. परंतु त्याच्यापुढची नोंद अधिक महत्त्वाची आहे. गावातले तरुण आणि तरुणी एकत्र जमले आणि त्यांनी आपसांत पैसे उभे करून, गावावर कसलाही बोजा न टाकता, नवा चषक विकत आणला. ट्रिकी हे अभिमानाने नोंदवतो. तोच अभिमान गावानेही ऐकला असेल, कारण वही मोठ्याने वाचली जात होती.

मात्र मोरबाथ म्हणजे रामराज्य होते असा समज कोणी करून घेऊ नये. चर्चच्या कारकुनाला दर घरटी काही पैसे आणि धान्याची पेंढी द्यायची असे. आपल्या बलुत्यासारखाच हा प्रकार. ते धान्य कोणी किती द्यायचे यावरून १५३१ पासून पाच-सहा वर्षे गाव भांडत होते. बैठकी झाल्या, करार झाले, मोडले. ट्रिकीला बहुमताचा निर्णय पुरेसा वाटत नसे. सर्वांची एकसंमती व्हावी असा त्याचा ध्यास होता, आणि ती होईपर्यंत तो चिकाटीने बोलत राहिला. बहुमताने हरलेला शेजारी उद्या मेंढी परत आणून बांधील हे तो जाणून होता. तेहतीस घरांच्या गावात एक घर फुटणे म्हणजे भिंतीतला एक दगड निखळणे.

हुकूम गावात येतात

१५३४ नंतर लंडनचे वारे फिरले. १५३६-३७ च्या सुमारास बार्लिंचचा मठ बंद झाला. त्याची मालमत्ता विकली जात असताना सर ह्यू पॉलेट या राजाच्या अधिकाऱ्याने मठाची एक खिडकी, काचा, लोखंड आणि दगडांसह, मोरबाथच्या चर्चला दिली. गावाने ती आणून बसविली. एका मोडलेल्या पवित्र स्थानाचा अवशेष दुसऱ्याने आपल्या भिंतीत जपला. आपल्यावरही हीच पाळी येणार आहे हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले असेल काय?

पाळी यायला वेळ लागला नाही. १५३८ साली राजाज्ञा निघाली की संतांच्या मूर्तींपुढे दिवे जाळू नयेत. हुकूम दिव्यांचा होता. पण मोरबाथमध्ये दिवा म्हणजे निधी, निधी म्हणजे मेंढ्या आणि मेंढ्या म्हणजे गावाचे संघटन. एक वात विझवली आणि तिच्याबरोबर मुलांचे, मुलींचे, संतांचे निधी एकामागून एक बंद पडू लागले. लंडनच्या मंत्र्यांना असे काही करायचे होते असे नाही. त्यांना अंधश्रद्धा काढायची होती. परंतु गावाची श्रद्धा आणि गावाचा कारभार एकाच सुताने विणलेले असतात. एक धागा ओढला की सारे वस्त्र उसवते, हे दूर बसलेल्या राज्यकर्त्याला दिसत नाही.

याच काळातली एक गोष्ट मन हेलावून टाकते. मृतांसाठीच्या मिस्साच्या वेळी घालायची काळी वस्त्रे मोरबाथजवळ नव्हती. ती घ्यावीत म्हणून ट्रिकी वीस वर्षांहून अधिक काळ पैसा साठवीत होता. आपल्या हक्काच्या उत्पन्नातला भाग तो त्यासाठी सोडून देई. लोकही मरताना त्यासाठी दोन-चार नाणी ठेवीत. अखेर १५४७ साली ती वस्त्रे गावात आली. त्याच वर्षी जानेवारीत आठवा हेन्री वारला होता आणि नऊ वर्षांचा एडवर्ड गादीवर बसला होता. त्याच्या सल्लागारांनी मृतांसाठी प्रार्थना करणे हेच त्याज्य ठरविले. दोन दशकांच्या पै-पैने जमवलेली वस्त्रे आली ती नेमकी तिचे प्रयोजन संपल्याच्या वर्षी.

पुढली सहा वर्षे मोडतोडीची. मूर्ती काढल्या गेल्या, भिंतींवर चुना फासला गेला, चर्चच्या मेंढ्या विकल्या गेल्या, मेजवान्या थांबल्या, पूजेची वस्त्रे व सामान विकून सरकारी मागण्या भागवल्या गेल्या. या वर्षांत चर्चला कोणीही काही दिले नाही, उलट चर्चमधूनच सारे बाहेर गेले, अशा अर्थाची एक खंत ट्रिकी लिहून ठेवतो. ज्या वहीत देणाऱ्यांच्या नावांची रांग असे, त्या वहीत आता फक्त विक्री आणि खर्च आहे. याच सुमारास लूसी सीलीच्या हाती कारभार होता. वारसा मिळाला तो असा.

पाच तरुण

१५४९ साली इंग्रजी भाषेतले नवे प्रार्थनापुस्तक सक्तीचे झाले. ९ जूनला ते सर्वत्र वाचले गेले आणि दुसऱ्याच दिवशी डेव्हनमधल्या सॅम्पफर्ड कोर्टनी या खेड्यातल्या लोकांनी आपल्या पाद्र्याला जुनीच प्रार्थना म्हणायला लावली. बघता बघता डेव्हन व कॉर्नवॉल पेटले. बंडखोरांनी जुलैच्या आरंभी एक्सेटरला वेढा घातला. तो ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात उठला. नंतर राजाच्या फौजेने हजारो माणसे कापून काढली. एक्सेटरजवळच्या सेंट टॉमस चर्चचा पाद्री रॉबर्ट वेल्श याला त्याच्या पूजेच्या वस्त्रांसह त्याच्याच चर्चच्या मनोऱ्यावर फाशी दिले.

या बंडात मोरबाथ कोठे होते? वहीत एक नोंद आहे. गावाने पाच तरुणांना हत्यारे आणि वाटखर्चाचे पैसे देऊन एका छावणीकडे धाडले. त्या जागेचे नाव वाचण्यात पूर्वी घोळ होता. डफी यांनी ते ‘सेंट डेव्हिड्स डाउन’, म्हणजे एक्सेटरच्या वेशीबाहेरचे टेकाड, असे वाचले. तेथे त्या वेळी बंडखोरांचा तळ होता. हे वाचन मान्य केले तर अर्थ स्वच्छ आहे. तीस वर्षे मेंढ्यांच्या लोकरीचा हिशेब ठेवणाऱ्या, प्रत्येक करात नियमाने भर घालणाऱ्या, राजनिष्ठ गावाने त्या उन्हाळ्यात सर्वांच्या संमतीने आपली पाच मुले राजाविरुद्ध पाठविली, आणि त्याचा खर्च चर्चच्या हिशेबात लिहून ठेवला. कोणाच्या हाती ही वही पडली असती तर पाद्र्याची मान गेली असती. पण खर्च झाला तर तो लिहिलाच पाहिजे आणि गावापुढे वाचलाच पाहिजे, ही शिस्त त्या माणसाच्या हाडात भिनलेली होती.

त्या पाचांपैकी काहींची नावे पुढे वहीत पुन्हा येत नाहीत. ते परतले नसावेत. ट्रिकी त्याविषयी एक अक्षर लिहीत नाही.

लपवलेले आणि परत आणलेले

जुलै १५५३ मध्ये एडवर्ड वारला आणि कॅथलिक मेरी राणी झाली. जुना धर्म पुन्हा आला. आणि मग मोरबाथमध्ये एक आश्चर्य घडले. ज्या वस्तू नष्ट झाल्या असे कागदोपत्री दिसत होते, त्या घराघरांतून बाहेर येऊ लागल्या. कोणी माता मारियेची मूर्ती आणून दिली, कोणी संत जॉर्जच्या देखाव्यातल्या आकृती, कोणी क्रूसाभोवतालच्या लाकडी कामाचे तुकडे, कोणी पुस्तके. सहा वर्षे या वस्तू गोठ्यात, माळ्यावर, धान्याच्या कणगीत दडून राहिल्या होत्या. बाळगल्याचे उघड झाले असते तर शिक्षा ठरलेली. तरी तेहतीस घरांपैकी एकाही घराने दुसऱ्याचे नाव सांगितले नव्हते. ट्रिकी प्रत्येकाचे नाव घेऊन त्यांची वाखाणणी करतो. ही माणसे प्रामाणिक आणि विश्वासू निघाली, असा त्याचा भाव आहे.

एकसंमतीसाठी वर्षानुवर्षे घसा कोरडा करणाऱ्या त्या पाद्र्याच्या श्रमाचे फळ येथे दिसते. कारकुनाच्या धान्यावरून भांडणाऱ्या त्याच गावाने संकटात तोंड बंद ठेवले. भांडण मिटवायची सवय असलेला समाजच असे गुपित राखू शकतो.

परंतु पाचच वर्षांनी, १७ नोव्हेंबर १५५८ रोजी, मेरी वारली. एलिझाबेथ आली आणि चक्र पुन्हा उलटे फिरले. वेद्या पुन्हा मोडल्या, मूर्ती पुन्हा उतरल्या. या खेपेला त्या कायमच्या गेल्या. वहीतल्या नोंदीही बदलत जातात. मेणबत्त्या आणि मेंढ्यांच्या जागी सैनिकांचा खर्च, पुलांची दुरुस्ती, गरिबांसाठीच्या वर्गण्या येतात. जो कारभार संतांसाठी उभा राहिला होता, तोच आता सरकारसाठी राबू लागतो. आणि ट्रिकी? तो आपल्या जागी राहतो. नव्या पुस्तकातून इंग्रजी प्रार्थना म्हणतो. संत सिडवेलची मूर्ती बसवणारा तरुण तोच, आणि तिच्याविना चर्चमध्ये उभा राहणारा वृद्धही तोच. १५७४ साली तो वारला आणि आपल्या चर्चच्या वेदीच्या भागात पुरला गेला.

भ्याड की रखवालदार?

येथे इतिहासाच्या अभ्यासकाला एका कठीण प्रश्नाला तोंड द्यावे लागते. चार वेळा धर्म बदलला आणि चारही वेळा ज्याने मान तुकवली, त्याला काय म्हणावे? पलीकडे रॉबर्ट वेल्श मनोऱ्यावर लटकला; हा मात्र आपल्या वहीत आकडे मांडीत बसला.

मला वाटते, हा प्रश्न आपण आपल्या खुर्चीत बसून सोडवणे सोपे आहे. मोरबाथमध्ये तो सोपा नव्हता. ट्रिकी निघून गेला असता तर त्याच्या जागी दुसरा पाद्री आला असता, आणि त्याला कोणत्या घरच्या माळ्यावर काय दडले आहे हे ठाऊक नसते, किंवा ठाऊक झाले असते तर ते सरकारात कळवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते. ट्रिकीच्या दृष्टीने धर्म म्हणजे केवळ मते नव्हती; धर्म म्हणजे ही तेहतीस घरे एका छपराखाली येणे. मूर्ती गेली तरी घरे एकत्र राहिली तर चर्च उरले, आणि घरे फुटली तर मूर्ती राहूनही चर्च गेले. हे मत सर्वांना पटेल असे नाही. हुतात्म्यांच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. पण इमारत जपणारी माणसे आणि तत्त्वासाठी मरणारी माणसे या दोन्हींची समाजाला गरज असते, आणि इतिहास लिहिणारे सहसा दुसऱ्यांनाच जागा देतात. मोरबाथच्या वहीमुळे एकदा तरी पहिल्यांची बाजू आपल्यापर्यंत पोचली.

पुढली कथा

ट्रिकीनंतर मोरबाथचे चर्च उभे राहिले, आजही उभे आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विल्यम बटरफील्ड या नामांकित वास्तुविशारदाच्या हातून त्याचा जीर्णोद्धार झाला आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आतली जुनी सजावट जवळजवळ सारी गेली. ट्रिकीच्या डोळ्यांनी पाहिलेले आत आज फारसे काही उरलेले नाही. राजांच्या हुकुमांतून जे थोडेफार वाचले असेल ते दुरुस्तीच्या उत्साहात गेले. असे आपल्या ओळखीच्या जागीही घडताना आपण पाहत नाही काय?

इंग्लंडात गावकऱ्यांवरचे ओझेही बदलत गेले. चर्चसाठी सक्तीने पट्टी वसूल करण्याची पद्धत १८६८ साली बंद झाली. १९२१ च्या कायद्याने देखभालीची जबाबदारी धर्मग्रामाच्या निवडलेल्या समितीवर आली. आज इंग्लंडच्या चर्चच्या सुमारे सोळा हजार इमारती आहेत आणि त्यांतल्या बहुसंख्य ऐतिहासिक वास्तू म्हणून कायद्याने संरक्षित आहेत. संरक्षित याचा अर्थ असा की त्या मोडता येत नाहीत; पैसा सरकार देते असा मात्र नव्हे. छपराचे शिसे चोर काढून नेतात, पन्हळी पानांनी तुंबतात, भिंतीत ओल चढते, आणि रविवारी प्रार्थनेला जेमतेम दहा-बारा माणसे येतात. जेथे कोणीच उरले नाही अशा चर्चसाठी १९५७ साली ‘निराधार चर्चचे मित्र’ अशा अर्थाच्या नावाची एक संस्था निघाली. १९६९ साली सरकार आणि चर्च यांनी मिळून एक निधी उभारला. आज त्याच्याकडे साडेतीनशेहून अधिक वास्तू आहेत. काही खेड्यांत लोकांनी चर्चच्या एका कोपऱ्यात पोस्ट किंवा दुकान चालू केले आहे. जुन्या वळणाच्या लोकांना हे रुचत नाही. परंतु ज्यांनी ट्रिकीची वही वाचली आहे त्यांना ते नवे वाटणार नाही. चर्चने मेंढ्या पाळल्या, बिअर विकली, चषक चोरीला गेल्यावर पोरापोरींनी वर्गणी काढली. इमारत जगली ती अशाच मार्गांनी.

श्रोतेहो, जुनी वास्तू जपायची म्हणजे काय करायचे, या प्रश्नाला मोरबाथने दिलेले उत्तर साधे आहे. वास्तू दगडाने उभी राहते, पण तिचा हिशेब देणारी आणि घेणारी माणसे असतील तोवरच ती टिकते. पाळीपाळीने येणारे कारभारीपण, गरिबाच्या कुरणातली एक मेंढी, विधवेने मांडलेला जमाखर्च, आणि वर्षाअखेर सर्वांसमोर मोठ्याने वाचलेली वही, यांच्या जोरावर तेहतीस घरांनी चार राज्यकर्त्यांचे हुकूम सोसले. मूर्ती गेल्या, वस्त्रे गेली, खिडक्या बदलल्या. वही मात्र राहिली. आणि तिच्यामुळे पावणेपाचशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांपैकी कोणी काय दिले, कोणी काय लपवले आणि कोणी काय परत आणले, हे आज आपण नावानिशी सांगू शकतो. मोठमोठ्या साम्राज्यांनाही आपल्या प्रजेविषयी एवढे सांगता येत नाही.